पाण्यात विरघळणारी हळद

१ जानेवारी, बुधवार. पहाटे

पाचला उठायचं ठरलं होतं, साडेपाचला उठलो. गजर वाजलाच नाही. म्हणजे वाजला, पण अंजनाने बंद केला. तिचं म्हणणं, मीच केला. वर्षाच्या पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून सोडून दिलं.

अंघोळ, पूजा. देवघरातल्या खंडोबापुढे बसून या वर्षीचा एकच संकल्प सांगितला: हळद पाण्यात विरघळवायची.

विषय स्वतःला स्पष्ट असावा म्हणून इथे लिहून ठेवतो. हळदीतला पिवळा, गुणकारी भाग म्हणजे कर्क्युमिन. सूज उतरवायला चांगला. पण पाण्याशी त्याचं वाकडं. गोळी करून गिळली तर पोटात विरघळत नाही, जशी गेली तशी बाहेर पडते. त्याला विरघळवून रक्तापर्यंत पोचवणं हा माझा पीएच.डी.चा विषय. विद्यापीठाने पुन्हा मुदतवाढ दिली आहे आणि ही शेवटची, असं कळवलंय. मागच्या वेळीही तसंच कळवलं होतं. मार्चमध्ये समितीपुढे निकाल दाखवायचे, नाहीतर नोंदणी रद्द.

दुसरी गोष्ट दादाची. नाथाजीदादा, माझे थोरले बंधू, सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर होऊन उंब्रजला असतात. उजवा गुडघा नारळाएवढा सुजतो. कराडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. दादाने त्यांना ठणकावलं म्हणे, की आमचा रवी सांगलीला फार्मसी कॉलेजात प्रोफेसर हाय, हळदीचं औषध काढतोय, तवा चिरफाडीचं मार्चनंतर बघू. हे ऐकून आनंद झाला. मग जरा भीती वाटली. मग पुन्हा आनंद झाला.

मार्च लांब आहे.

७ जानेवारी, मंगळवार

वर्षातली पहिली बॅच. कर्क्युमिन आणि पॉलिमर दोन्ही अल्कोहोलमध्ये एकत्र करायचे आणि अल्कोहोल उडवून लावायचं. मागे कोरडी, भुरभुरीत, पाण्यात चटकन विरघळणारी पूड राहते. जर्नलमध्ये राहते. माझी चिक्की झाली. खल उलटा धरला तरी बत्ता खाली पडेना.

कारण शोधलं. हवेतला दमटपणा. कृष्णा जवळ आहे.

संयोगिता मॅडम म्हणाल्या, सर, जानेवारीत कसला दमटपणा? मॅडम माझ्या गाइड. बी.फार्मला मीच त्यांना शिकवलंय. त्यामुळे त्या मला सर म्हणतात आणि मी त्यांना मॅडम. दोघांनाही याचा थोडा त्रास होतो, पण कोणी बोलून दाखवत नाही.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत होती, लॅबला सुट्टी. आज लॅब उघडी होती, पण आज किंक्रांत. किंक्रांतीला आमच्यात नवीन काम धरत नाहीत. मॅडमना फोनवर तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, सर, हे काम नवीन कुठं आहे?

उद्यापासून नक्की.

१६ जानेवारी

घसा बसला. तिळगूळ.

२३ जानेवारी, गुरुवार. रात्री जेवणानंतर

पद्धत बदलली. आता नॅनोइमल्शन. तेलात कर्क्युमिन विरघळतं, म्हणून ते तेलात घ्यायचं आणि त्या तेलाचे इतके बारीक थेंब पाण्यात पसरायचे की डोळ्याला दिसता कामा नयेत. निळसर, पारदर्शक द्रव मिळतो. मला मटणाचा रस्सा मिळाला. वर लाल-पिवळी तर्री, खाली गढूळ पाणी.

मॅडमना म्हणालो, थोडं सेटल होऊ द्या. त्या म्हणाल्या, सेटल होतंय हाच तर प्रॉब्लेम आहे सर.

घरी येताना घाटावर जरा बसलो. वाटलं, तेल आणि पाणी देवानेच वेगळं ठेवलंय, मध्ये पडणारे आपण कोण? विचार खोल होता. बराच वेळ बसलो. मग पीएच.डी. आठवली आणि उठलो.

२ फेब्रुवारी, रविवार

मार्केट यार्डात बादशहाभाईंकडे गेलो. हळदीचे जुने व्यापारी. मी संशोधन करतो म्हणून निवडक हळकुंडं मला भेट देतात, पैशाचं नाव काढू देत नाहीत. नवीन माल आलाय. पोतं उघडलं की डोळे मिटावेत असा दरवळ सुटतो. बादशहाभाईंनी एक हळकुंड कट्कन मोडून आतला केशरी रंग दाखवला. म्हणाले, बघा सर, सोनं हाय, काय मिसळायचं काम न्हाई. मग चहा मागवला आणि म्हणाले, आत्तापतुर आमच्याकडनं नेली तेवढ्या हळदीत सगळ्या तालुक्याची लग्नं उरकली असती, तुमचं एक कार्य काय निघंना.

दुकानातले हमालसुद्धा हसले. मीही हसलो. संशोधकाने लोकांत मिसळून राहावं.

९ फेब्रुवारी, रविवार

दादा आला. एसटीतून उतरताना कंडक्टरने धरून उतरवला. आमचा जिना तीन ठिकाणी बसून चढला. पायरीवर बसल्या बसल्या मला म्हणतो, कवा व्हणार रं तुझी हळद? तिकडं बॉर्डरवर बर्फात उभा राहिलो, काय झालं न्हाई, हितं जिना चढाय मला आधार लागतोय. मी म्हणालो, जवळजवळ झालीच आहे. अंजना आतून पाणी घेऊन येत होती, तिने माझ्याकडे पाहिलं.  तिचं न बोलणं मला ऐकू येतं.

दादाने खंडोबाच्या जत्रेचा भंडारा आणला होता. गुडघ्यामुळे यंदा स्वतःला जाता आलं नाही म्हणून कोणाकडून तरी मागवलेला, चांगली मोठी पुडी. देवावर उधळायची ती पिवळीधमक हळद. अंजनाने सगळ्यांच्या कपाळाला लावली.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी प्रत्येक बॅचला बाजारातली उपकरणं, परदेशी पॉलिमर, सगळं वापरलं. कुलदैवताला कधी विचारलं? हळदीचा देव आणि हळदीचंच काम, आणि मी त्याला बाजूला ठेवून बसलोय!

पुडी अर्धी देवघरात. अर्धी लॅबच्या पिशवीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी

नव्याने बॅच. अल्कोहोल उडायच्या आधी दोन मुठी भंडारा मनात येळकोट म्हणत टाकला. यात अंधश्रद्धा काही नाही. भंडारा म्हणजे हळदच. हळदीत हळद टाकली, केमिकली काहीच फरक नाही. मुद्दाम विचार करून टाकलाय.

११ फेब्रुवारी. संध्याकाळी

विरघळली.

पाण्यात. साध्या पाण्यात. पूड टाकली आणि ढवळायच्या आत पिवळी धार खाली उतरत गेली, सरबतासारखी. तळाशी थोडा पांढरट गाळ राहिला तो गाळून टाकला. मशीनवर रीडिंग घेतलं तर इतकं जास्त की मशीनने दाखवायचं नाकारलं. पाणी मिसळून पुन्हा घेतलं. तरी जास्तच.

दरवाजा लावून घेतला आणि लॅबच्या फरशीवरच दंडवत घातलं. उठताना शिपाई खिडकीतून बघत होता. म्हणाला, सर, काय पडलं का?

दादाला फोन केला. तो म्हणाला, रवी, आई असायला पायजे हुती गड्या. 

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमनी पाहिलं. आनंद झालेला दिसला नाही. पुन्हा करा म्हणाल्या. पुन्हा केली (पुडीतून चार मुठी, देवाला काय मोजायचं), पुन्हा विरघळली. मग माझं लिहिलेलं वाचून त्यांनी स्वतः केली. त्यांची चिक्की झाली.

भंडाऱ्याचं मी लिहिलेलं नाही. समितीतल्या लोकांना भावना कळत नाहीत. शिवाय, हळदीत हळद.

त्यांनी आणखी दोनदा केली, दोन्ही वेळा चिक्की. मला विचारलं, सर, यात काही राहिलंय का? मी म्हणालो, काहींच्या हाताला गुण असतो मॅडम. आमच्या आजीच्या हातची भाकरीसुद्धा दुसऱ्या कोणाला जमायची नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ घातला नाही.

१४ फेब्रुवारी

दादाने कराडच्या डॉक्टरांना फोन करून त्यांनी तरीही धरून ठेवलेली ऑपरेशनची तारीख रद्द केली. त्यांना म्हणाला म्हणे, आमचं घरचं औषध निघालं, तुमची सुरी ठिवा.

एवढी घाई नको होती. पण श्रद्धा हीच तर मोठी गोष्ट.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दादाचा रोज फोन. गोळी दे, गोळी दे. मी ठाम नाही म्हणालो. मंजुरीशिवाय माणसाला द्यायचं नाही, एवढं तरी शिक्षण झालंय माझं. तो म्हणाला, मी काय परका माणूस हाय व्हय? मी म्हणालो, मार्चपर्यंत थांब. तो म्हणाला, मी थांबतो रं, गुडघा थांबंना.

वहिनी मागून ओरडून सांगत होत्या की हे आता काठीशिवाय परसात बी जात न्हाईत. दादाने फोनवर हात ठेवला, पण नीट ठेवला नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पोटातल्या परिस्थितीची चाचणी. पोटात ॲसिड असतं, म्हणून पूड पाण्याऐवजी ॲसिडच्या द्रावणात टाकून बघायची. टाकली. विरघळली. आणि गुलाबी झाली. राणी कलर.

बाटलीवरचं लेबल पुन्हा वाचलं. ॲसिडच होतं.

हळदीत ॲसिड टाकल्यावर गुलाबी रंग येणं, ही भेसळ ओळखायची टेस्ट आहे हे मला माहीत आहे. प्रथम वर्षाच्या मुलांना ती मीच शिकवतो. त्यात मुद्दा असा की ती टेस्ट भेसळीच्या हळदीसाठी आहे. माझी हळद बादशहाभाईंची, डोळ्यांदेखत मोडून दाखवलेली. तेव्हा इथे ती शंका घ्यायला जागाच राहत नाही. साधं तर्कशास्त्र आहे.

म्हणजे हे काहीतरी नवीन घडतंय. कर्क्युमिन आणि पॉलिमर यांचं पोटातल्या ॲसिडमध्ये नवंच रूप तयार होतंय. कदाचित त्यामुळेच शोषण वाढणार. पेटंटचा विचार करायला हवा. औषधाला नाव सुचलं: मल्हार-हरिद्रा.

समितीपुढे हा गुलाबी प्रयोग प्रत्यक्षच करून दाखवायचा ठरवलं. मॅडमना आधी सांगत नाही. त्यांनाही आनंदाचा धक्का मिळावा.

११ मार्च, मंगळवार

उद्या समिती. शर्टाला अंजनाने इस्त्री केली. म्हणाली, आवं, मॅडमना एकदा दाखवून तर घ्या. मी म्हणालो, तू आता तरी विश्वास ठेव. ती म्हणाली, विश्वास ठेवूनच इस्त्री करतीया.

१२ मार्च, बुधवार

समिती झाली.

सगळं लिहायला हवं, म्हणून लिहितो. आधी पाण्यातला प्रयोग. पूड टाकली, पिवळी धार उतरली, प्राचार्य स्वतः टाळ्या वाजवायला लागले. पुण्याहून आलेले सर खुर्चीत पुढे सरकून बसले. मग मी म्हणालो की आता याहून मोठं बघा, आणि ॲसिडच्या भांड्यात पूड सोडली. राणी कलर. मी वळून बघितलं. कोणी टाळी वाजवली नाही. संयोगिता मॅडम खाली मान घालून पेनाचं टोपण काढत होत्या, घालत होत्या.

मी नव्या रूपाविषयी बोललो. पुण्याच्या सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं की कॉलेजात प्रथम वर्षाचं प्रॅक्टिकल कोण घेतं. मी म्हणालो, मीच. त्यांनी विचारलं, हळदीत ॲसिड टाकल्यावर गुलाबी रंग आला तर मुलांना काय लिहायला लावता? मी म्हणालो, कृत्रिम रंगाची भेसळ. मग घाईने म्हणालो, पण ते बाजारातल्या हळदीसाठी. ते म्हणाले, आणि ही कुठली?

मी म्हणालो, बाजारातली.

शेवटच्या ओळीतलं कोणीतरी हसलं. सरांनी विचारलं, कोणाकडून घेता. आणि मी बादशहाभाईंचं पूर्ण नाव, दुकानासकट, सांगून टाकलं. डोकं चालत नव्हतं, समोर सगळे वाट बघत होते. समितीने ते लिहून घेतलं. प्राचार्य म्हणाले, या व्यापारी लोकांचं असंच. मी मान हलवली.

१३ मार्च, गुरुवार

यार्डात गेलो. दुकान भरलेलं होतं. मी सगळ्यांसमोर बादशहाभाईंना म्हणालो की तुमच्या हळदीने माझं आयुष्य मातीत घातलं.

ते गादीवरून उठले. गिऱ्हाइकांना थांबा म्हणाले. चढ्या आवाजात एक शब्द नाही. म्हणाले, सर, तुमचं ॲसिड कुठं हाय? ते घ्या आणि तुमच्या हातानं कुठलं बी पोतं फोडा.

बाटली माझ्या बॅगेत होतीच. पोतं मी निवडलं, हळकुंड मी कुटलं, ॲसिड मी टाकलं. पिवळं ते पिवळंच राहिलं. दुसरं पोतं, तिसरं पोतं. बाजूचे चार व्यापारी येऊन उभे. माझ्या शर्टावर ॲसिडचा थेंब उडून भोक पडलं ते मला नंतर दिसलं.

बादशहाभाई म्हणाले, आता सांगा सर, माझ्या हळदीत तुमी काय टाकलं?

मी म्हणालो, काही नाही. आणि निघालो.

आज होळी. घरी आलो तर अंजना पुरण वाटत होती. देवघरातली उरलेली पुडी घेतली, बाथरूममध्ये कडी लावून बशीत चिमूटभर टाकली, वर दोन थेंब ॲसिड.

राणी कलर.

१४ मार्च, शुक्रवार

बाहेर पोरं धुळवड खेळताहेत. बाहेर पडलो नाही.

देवाचा दोष नाही. देवाला उधळतात, खात नाहीत. रस्त्याकडेच्या कुठल्या तरी स्टॉलवर कोणीतरी पिठात रंग कालवून विकला, तो त्याचा दोष. ज्याने दादासाठी न बघता उचलला, त्याचा थोडा. दादानेही सांगून मागवायला हवा होता.

दुपारपर्यंत असे सगळे दोष वाटून झाले. तरी मोठा वाटा उरलाच.

जमेची बाजू एकच: दादाला गोळी दिली नाही. हे देवघरात जाऊन सांगितलं. खंडोबा काही बोलला नाही. तो बोलत नाहीच, पण आजचं वेगळं वाटलं.

१७ मार्च, सोमवार

मॅडमना सगळं सांगितलं.  शेवटी एवढंच म्हणाल्या, सर, मी तीनदा बॅच केली. तीनदा. मला वाटलं माझाच हात वाईट आहे.

समितीला लिहून दिलं की व्यापाऱ्याचा काही संबंध नाही, भेसळ माझी. नोंदणी रद्द होणार हे मॅडमनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

नंतर यार्ड. बादशहाभाईंपुढे उभा राहून चार व्यापाऱ्यांना मुद्दाम ऐकू जाईल असं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून चहा मागवला. म्हणाले, सर, देवाला लागंल ती हळद बी आमच्याकडनंच नेत जा की. रोजा हाय, मी पीत न्हाई, तुमी प्या. बाकीचे आपापल्या दुकानी गेले, मी एकटा चहा प्यालो आणि ते समोर बसून बघत राहिले. त्यांनी पुढची हळकुंडं दिली नाहीत. मी मागितली नाहीत.

१८ मार्च

दादाला फोन. सगळं सांगायचं ठरवून लावला. त्याने पहिल्याच वाक्याला विचारलं, झाली का मंजुरी? मी म्हणालो, समितीने काही सुधारणा सुचवल्यात, वेळ लागेल, तोवर तू ऑपरेशन करून घे.

तो म्हणाला, म्हंजे इरघळली न्हाई?

मी म्हणालो, विरघळली. ते खोटं नाही. काहीतरी विरघळलं होतंच.

कराडच्या डॉक्टरांनी नवी तारीख एप्रिलची दिली. गुडघा आता जास्त खराब झालाय, आधीच यायला हवं होतं, असं म्हणाले म्हणे. दादाने मला हे हसत सांगितलं. मीही हसलो. फोन ठेवल्यावर अंजनाने विचारलं, काय झालं? म्हणालो, काही नाही, दादा मजेत आहे.

११ एप्रिल, शुक्रवार. कराड, हॉस्पिटल

ऑपरेशन नीट झालं. दादा वॉर्डात आहे. संध्याकाळी सिस्टरने औषधांची चिठ्ठी दिली, खालच्या मेडिकलमधून आणा म्हणाली. अँटिबायोटिक, दुखण्याची गोळी, कॅल्शियम. आणि शेवटी एक कॅप्सूल. नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

मेडिकलवाल्याला विचारलं, हे कर्क्युमिनच ना? तो म्हणाला, व्हय, पाण्यात विरघळणारं. सुजेवर लय चालतंय. ह्या कंपनीचं देऊ का दुसऱ्या? चार-पाच येत्यात.

याच्यापेक्षा चांगलं करता आलं असतं, असं जिना चढताना मनात आलं. पहिल्या मजल्यापर्यंत टिकलं.

दादाला पाकीट दिलं. सोनेरी पाकिटावर हळकुंडाचं चित्र. त्याने ते दोन्ही हातांनी धरलं आणि डोळे भरून आले त्याचे. म्हणाला, आलं व्हय रं शेवटाला बाजारात? मला न सांगता ठिवलंस, लबाडा. मग पाकीट उलटसुलट करून म्हणाला, तुझं नाव कुठं हाय ह्याच्यावर?

मी म्हणालो, नाव बारीक अक्षरात असतं. जेवणानंतर घे, पाण्याबरोबर.

त्याने जेवणाची वाट न बघता घेतली. मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं की हे माझ्या धाकट्या भावाचं औषध हाय. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून हात जोडले आणि विचारलं, किती वर्षं लागली ओ सर, हे करायला?

सात, म्हणालो. एवढं मात्र खरं सांगितलं.